गोव्यातल्या जमिनीच्या कामाला एआय वकिली अ‍ॅप घेताय? आधी माझा आठ महिन्यांचा अनुभव वाचा

रेटिंग पाचपैकी दोन.

अ‍ॅपचं नाव लिहीत नाहीये. एकतर माझी तक्रार आत्ताच कुठे मिटलीय, आणि दुसरं म्हणजे या धर्तीची अजून बरीच अ‍ॅप्स आहेत आणि जाहिरात सगळ्यांची एकच, वकिलाकडे खेटे घालू नका, मराठीत विचारा, मराठीत उत्तर घ्या, कागद पण आम्हीच करून देतो. मी मागच्या गणपतीनंतर लगेच वर्षाचा प्लॅन घेतला, १,४९९ रुपये. आठ महिने वापरलं, चांगलं पण बघितलं आणि वाईट पण, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, कारण गोव्यात घरटी कुणाचा ना कुणाचा जमिनीचा कागद अडकलेला असतो आणि असं अ‍ॅप बघितलं की माणसाला हायसं वाटतं. मला पण वाटलं होतं.

आमचं घर डिचोलीला, मागे काजूची बाग. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. आई तिथंच असते, दादा-वहिनी तिच्यासोबत, मी फोंड्याला दिलेली आणि धाकटी बहीण मुंबईला. बागेचा रस्त्याकडचा एक तुकडा शेजारचे घ्यायला तयार होते, आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचंय त्याला पैसे लागणार, भावंडांत काहीच भांडण नाही, सगळे राजी. म्हटलं एवढं सरळ काम, अ‍ॅपवरच करून टाकू.

आधी चांगलं सांगते. पोर्तुगीज काळातला एक टाईप केलेला दस्त आमच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून होता, घरात कुणाला वाचता येत नव्हता, त्याचा फोटो टाकला तर दोन मिनिटांत मराठीत अर्थ आला, चतुःसीमा, पणजोबांचं नाव, सगळं. नंतर वकीलबाईंनी तो तपासला तेव्हा एकच शब्द बदलावा लागला. आई ते ऐकताना मधेच उठली आणि देवासमोर कागद ठेवून आली. पंचायतीत माहिती अधिकाराचा अर्ज करायचा होता तो अर्ज फक्कड लिहून दिला, विजेच्या बिलाची तक्रार पण नीट. बोलून विचारलं तरी कळतं, आपली गोव्याची मराठी, मधे कोकणी शब्द, तरी अडत नाही. दोन स्टार याचे.

आता मुद्द्याचं. बाबांच्या नंतर कुणाचा किती हिस्सा असं विचारलं, गोवा, डिचोली, हिंदू कुटुंब, आई आणि तीन भावंडं सगळं लिहून. उत्तर आलं की हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे चौघांना सारखा वाटा, प्रत्येकी पाव. पुढची पायरी म्हणे तहसीलदाराकडून वारस दाखला काढा, मग सातबाऱ्यावर नावं चढवा. मी माझ्या प्रश्नात ‘एक-चौदाचा उतारा’ लिहिलं होतं, त्यानं ते दरवेळी बदलून ‘सातबारा’ केलं. तिथंच मला कळायला हवं होतं, गोव्यात तहसीलदार नसतोच, मामलेदार असतो, सातबारा महाराष्ट्रात, आपल्याकडे फॉर्म एक आणि चौदा. पण उत्तर इतकं स्वच्छ, इतकं ठाम, खाली कलमांचे नंबर, की मी ते सगळं प्रिंट करून आईला वाचून दाखवलं, आणि आई म्हणाली पाव तर पाव, मला काय करायचेत पैसे.

खरं काय आहे ते आता सांगते, हे गोव्यातल्या प्रत्येक बाईला माहीत असायला हवं. आपल्याकडे वारशाला हिंदू वारसा कायदा लागत नाही. १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड १८७० पासून इथं लागू झाला, १९६१ ला गोवा मुक्त झाला तरी १९६२ च्या कायद्यानं तो चालू राहिला, आणि वारशापुरता आता गोव्याचा स्वतःचा कायदा आहे, २०१२ मध्ये विधानसभेनं केलेला आणि २०१६ मध्ये लागू झालेला. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र, दोघांची निम्मी-निम्मी. म्हणजे बाबा गेले तेव्हा आईचा अर्धा वाटा तिचाच होता, तो तिला कुणाकडून वारशानं मिळायचा नव्हताच. उरलेला अर्धा बाबांचा, तो आम्हा तिघांत, प्रत्येकी एक षष्ठांश. आईचा अर्धा आणि अ‍ॅप सांगतंय पाव! सेहेचाळीस वर्षं त्या घरात राबलेल्या बाईचा निम्मा हक्क एका झटक्यात गायब, आणि आम्ही मुलं तो कागद हातात घेऊन तिला समजावून सांगत होतो.

अ‍ॅपनं विक्रीचा करार पण बनवून दिला होता, अकरा पानं, दिसायला एकदम वकिली. तो घेऊन मी सब रजिस्ट्रारच्या ऑफिसात नुसती चौकशी करायला गेले. खिडकीतल्या बाईंनी शेवटचं पान आधी उघडलं, सह्यांच्या जागा बघितल्या, पेन्सिलीनं माझ्या नावाच्या बाजूला एक बारीक गोल काढला आणि विचारलं, “घोवाची सही खंय?” मी म्हटलं माझ्या बाबांची जमीन, त्यात माझ्या नवऱ्याची सही कशाला. त्यांनी वहिनीच्या नावाची पण जागा दाखवली, मुंबईच्या भावोजींची पण. गोव्यात जावई आणि सुनेची सही लागते, कारण तीच एकत्र मालमत्तेची पद्धत, हे लहानपणापासून लग्नकार्यात, कोर्टाच्या गोष्टींत ऐकलेलं, पण अकरा पानांच्या छापील भाषेनं तेवढा विसर पाडला. त्यांनी शांतपणे सांगितलं की आधी वारसांचा सक्सेशन डीड, म्हणजे कोण कोण वारस ते ठरवणारा दस्त, स्पेशल नोटरीकडे (असे दस्त करणारा सरकारी अधिकारी) करा, मग विक्रीचं बघू, आणि एखाद्या वकिलाला दाखवा.

म्हणून म्हापशाला एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी वाचायला वीस मिनिटं घेतली, मधे फक्त एकदा म्हणाल्या, “बाय, हें सगळें महाराष्ट्राचें.” मग आईबाबांच्या लग्नाची सिव्हिल रजिस्ट्रारकडची नोंद मागितली, लग्नाआधी काही करार होता का विचारलं, मुंबईच्या बहिणीचं लग्न कुठं नोंदवलंय ते विचारलं. अ‍ॅपनं यातलं एकही विचारलं नव्हतं. माझ्या मते सगळ्यात मोठा दोष हाच, चुकीच्या उत्तरापेक्षाही मोठा. जो माणूस हे काम रोज करतो तो आधी प्रश्न विचारतो, आणि हे अ‍ॅप प्रश्न न विचारता उत्तर देतं आणि ते पण खात्रीनं. समान नागरी कायद्याचा विषय निघाला की टीव्हीवर गोव्याचं नाव पहिलं घेतात, आणि वर्षाला दीड हजार घेणाऱ्या कायद्याच्या अ‍ॅपला गोव्याचा कायदा वेगळा आहे एवढंही माहीत नसावं, याचा मला खूप राग आला.

घरी येऊन मी अ‍ॅपला खडसावून विचारलं, गोव्यात हिंदू वारसा कायदा लागतो कशावरून? तर माफी मागून परत तेच, आणि सोबत मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाचा एक निकाल, पक्षकारांची नावं, वर्ष, परिच्छेद क्रमांक सगळं. वकीलबाईंनी शोधला, नाहीच. असा निकालच नाही. उलट २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की गोवेकराची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी वारशाला गोव्याचाच कायदा. म्हणजे खरा निकाल सुप्रीम कोर्टाचा, सहज सापडणारा, आणि अ‍ॅपनं त्याच्या बरोबर उलटा खोटा निकाल रचला.

हे माझ्या एकटीचं नाही हे नंतर वाचल्यावर कळलं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात दोन वकिलांनी एका विमान कंपनीविरुद्धच्या केसमध्ये चॅटजीपीटीनं रचलेले निकाल दाखल केले, जजनी पाच हजार डॉलर दंड केला. आपल्या मुंबई हायकोर्टापुढे २०२५ मध्ये इन्कम टॅक्सचं एक प्रकरण आलं, त्यात अधिकाऱ्यानं आधार म्हणून दिलेले निकाल अस्तित्वातच नव्हते, कोर्टानं तो टॅक्सचा आदेश रद्द करून सुनावलं की एआयनं दिलेलं आंधळेपणानं वापरायचं नाही, तपासून घ्यायचं. केरळ हायकोर्टानं तर जुलै २०२५ मध्ये खालच्या कोर्टांसाठी धोरणच काढलं, निष्कर्ष काढायला, निकाल द्यायला एआय वापरायचं नाही. म्हणजे कोर्टं सावध झालीयत. वकिलानं खोटा निकाल दिला तर त्याला पकडायची सोय आहे. पण डिचोलीतल्या आईसमोर मुलगी खोटा निकाल वाचून दाखवते तेव्हा तिथं ना जज असतो ना समोरचा वकील, तिथं कोण पकडणार?

वकीलबाईंनी एक गोष्ट समजावून सांगितली ती माझ्या डोक्यातून जात नाही. वकिलानं घोळ घातला तर अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टखाली बार कौन्सिलकडे तक्रार होते, सनद जाऊ शकते. मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, पण बार कौन्सिलचा धाक आहेच. अ‍ॅप वकील नाही त्यामुळे बार कौन्सिल त्याला काही करू शकत नाही. अटींमध्ये खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की हा कायदेशीर सल्ला नाही, फक्त माहिती, आणि वर मोठ्या अक्षरात ‘तुमचा खिशातला वकील’. आता सदोष वस्तूची जबाबदारी टाकायला जावं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वस्तूची व्याख्या वाचा, वायू, द्रव किंवा घन अवस्थेतली. अ‍ॅप यातलं काय? सेवेतली त्रुटी एवढा रस्ता मोकळा आहे, पैसे घेऊन सेवा दिलीय ना, मग त्रुटी सिद्ध करा. आम्ही तोच धरला.

पैसे परत मागितले तेव्हाची गंमत नाही, संतापच. मदतीच्या चॅटवर बॉटनं स्पष्ट लिहिलं, सात दिवसांत पूर्ण रक्कम परत मिळेल. मी स्क्रीनशॉट काढून ठेवला, तुम्ही पण दरवेळी काढत जा. दहाव्या दिवशी मेल आला की अटींप्रमाणे पैसे परत मिळत नाहीत आणि ऑटोमॅटिक चॅटमधला मजकूर कंपनीवर बंधनकारक नाही. मग मी त्यांना कॅनडाची केस लिहून पाठवली. तिकडे जेक मोफॅट नावाच्या माणसाची आजी वारली, एअर कॅनडाच्या चॅटबॉटनं सांगितलं की आधी तिकीट काढा, दुःखद प्रसंगाची सवलत नंतर मागा, नंतर कंपनी नाही म्हणाली. कंपनीचा बचाव असा की चॅटबॉट जे बोलला त्याची जबाबदारी आमची नाही, जणू काही तो वेगळा कुणीतरी आहे. ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणानं फेब्रुवारी २०२४ मध्ये तो बचाव फेटाळला, तुमच्या वेबसाईटवर जे येतं त्याला जबाबदार तुम्हीच, आणि सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. रक्कम छोटी, पण बोललेल्या शब्दाला धनी ठरवला. त्यासाठी एआयचा नवा कायदा लागला नाही, जुन्याच कायद्यानं काम झालं.

कंपनीनं त्या मेलला उत्तर दिलं नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायची पण तयारी होती, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही. हेल्पलाईनच्या तक्रारीनंतर एकोणिसाव्या दिवशी १,४९९ रुपये खात्यात आले, चूक झाली असा एक शब्द नाही. पैसे आले म्हणून तक्रार बंद केली. पण कागद? आधार, लग्नाची नोंद, एक-चौदा, बाबांचा मृत्यू दाखला, सगळं त्यांच्याकडे अपलोड केलेलं. ते पुसून टाका असं तीनदा लिहिलं, एकदाही उत्तर नाही. डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ मध्ये झाला, दंड अडीचशे कोटींपर्यंत, डेटा पुसायला लावायचा हक्क पण दिलाय, पण नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि कंपन्यांना बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिने मुदत. तोपर्यंत माझ्या आईचा आधार नंबर कुठल्या सर्व्हरवर आहे हे मला विचारता येतं, उत्तर मिळवता येत नाही. हे मला पैशांपेक्षा जास्त टोचतं.

बाकी जग काय करतंय ते पण थोडं बघितलं. युरोपचा एआय कायदा ऑगस्ट २०२४ पासून टप्प्याटप्प्यानं लागू होतोय, मनाई केलेल्या गोष्टींना साडेतीन कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या सात टक्के इतका दंड. न्यायाधीशानं कायदा शोधायला एआय वापरलं तर ते जास्त जोखमीचं धरतात, पण सामान्य माणसाच्या हातातलं सल्ल्याचं अ‍ॅप त्या यादीत सरळ बसत नाही, तिथंही हीच फट. एआयमुळे नुकसान झालं तर भरपाई कशी मागायची यासाठी वेगळा कायदा आणणार होते तो २०२५ मध्ये मागे घेतला. पण सदोष वस्तूंच्या नव्या युरोपियन नियमांत सॉफ्टवेअरला सरळ वस्तू म्हटलंय, देशांनी ते डिसेंबर २०२६ पर्यंत आपल्या कायद्यात आणायचंय. आपल्या वायू-द्रव-घनच्या व्याख्येत तेवढा एक शब्द घालायला काय हरकत आहे? इटलीचा कायदा मला सगळ्यात आवडला, २०२५ चाच, वकिलासारख्या व्यावसायिकानं एआय फक्त मदतीला घ्यायचं आणि आपण ते वापरतो हे गिऱ्हाइकाला साध्या भाषेत सांगायचं. दक्षिण कोरियाचा कायदा जानेवारी २०२६ ला लागू झाला.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं मार्गदर्शक तत्त्वं काढली, सूर असा की सध्या वेगळा कायदा नको, आहेत ते कायदे लावू आणि कमी पडेल तिथं भर घालू. फेब्रुवारी २०२६ मध्ये आयटी नियम बदलले, एआयनं केलेल्या फोटो, आवाज, व्हिडिओवर लेबल हवं आणि आदेश आला की तीन तासांत काढायचं. ते गरजेचंच होतं. पण मला फसवलं ते साध्या लिहिलेल्या मजकुरानं, चेहरा नाही, आवाज नाही, फक्त कलमांचे नंबर, आणि त्याला तो नियम शिवत नाही. अ‍ॅप बंद करा असं मी म्हणत नाही, पोर्तुगीज दस्त वाचून दिला तेव्हाचा आईचा चेहरा मी बघितलाय. मला इतकंच हवंय की कायद्याचं उत्तर विकणाऱ्यानं ते कुठल्या राज्याचं हे वर लिहावं, निकालाचं नाव दिलं तर तो निकाल उघडून दाखवावा, आणि चुकलं तर मी नाही, माझा बॉट बोलला असं म्हणायची सोय कायद्यानं काढून घ्यावी.

गोव्यातल्या वाचकांसाठी: अर्ज, तक्रार, भाषांतर यासाठी फुकटचं व्हर्जन पुरतं, वर्षाचे पैसे भरू नका. वारसा, इन्व्हेंटरी (कोर्टातली वारशाची वाटणी), मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर मालकाच्या संमतीनं राहणाऱ्याचं) घर, कोमुनिदादची म्हणजे गावकीची जमीन, नवरा-बायकोची मालमत्ता यातलं काहीही असेल तर अ‍ॅपला विचारूच नका, स्पेशल नोटरी किंवा वकील. मी वकीलबाईंना सल्ल्याचे दोन हजार दिले, अ‍ॅपपेक्षा पाचशे एक रुपये जास्त, आणि कागदावर खाली त्यांची सही आणि शिक्का आहे. आणि घरच्यांचे आधार, दाखले कुठेच अपलोड करू नका, बाकी कागद टाकायचाच झाला तर नावं खोडून मग फोटो टाका.

सक्सेशन डीड पुढच्या महिन्यात आहे, मुंबईहून बहीण आणि भावोजी दोघंही येतायत. मसुदा आईला वाचून दाखवला, अर्धा या शब्दावर तिनं मला थांबवलं आणि ती ओळ परत वाचायला लावली. काल मी अ‍ॅपला तोच पहिला प्रश्न शब्द न बदलता परत विचारला. उत्तरात आता एक नवीन वाक्य आलंय, की काही राज्यांत स्थानिक कायदे वेगळे असू शकतात. त्याच्या खाली आईचा वाटा अजून पावच आहे.